एका दिरंगाईची चौकशी

संगणक साफ बंद पडला तर लोक हळहळतात, चोरीस गेला तर चौकीवर जाण्याचा सल्ला देतात. परंतु तो चालू स्थितीत असून नुसता मंद झाला आहे, एवढी वार्ता बाहेर फुटण्याचा अवकाश, की ज्याला त्याला आपल्या ज्ञानाचे गाठोडे सोडण्याची अनिवार इच्छा होते, आणि सोसायटीच्या जिन्यात, दूध केंद्रावर, बँकेच्या रांगेत, फार काय एका बारशाच्या पंगतीतसुद्धा, न मागितलेले उपाय आपल्या पानात वाढले जाऊ लागतात. या उपायांचे वैशिष्ट्य असे, की ते सांगणाऱ्याने आपला संगणक पाहिलेला नसतो, पाहण्याची त्याला निकडही भासत नाही, आणि आपण भीत भीत 'एकदा येऊन पाहता का?' असे विचारलेच, तर 'त्यात पाहायचंय काय!' हे उत्तर ठरलेले असते.

आमच्या घरी आहे तो डेस्कटॉप, म्हणजे टेबलाखाली उभी असलेली एक काळी पेटी, टेबलावरचा पडदा आणि या दोहोंना जखडणारा तारांचा गुंता. सोसायटीची इतिवृत्ते, आयकराचे विवरणपत्र, पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्याचा दरसालचा पत्रव्यवहार आणि नातवंडांची छायाचित्रे एवढाच त्याचा प्रपंच. खंडेनवमीला त्याची यथासांग पूजा होते, कपाळी म्हणजे पेटीच्या दर्शनी भागावर कुंकू लागते, आणि वर्षभर तो कुरकुर न करता काम करतो. असा हा आज्ञाधारक संगणक एके सकाळी असा काही बदलला, की चालू केल्यापासून पहिले पत्र उघडेपर्यंत चहा होऊन, पिऊन, कपबशी विसळून ठेवता येई. पडद्यावरचे वर्तुळ अखंड प्रदक्षिणा घालीत राही. मी एखादे वाक्य टंकित करावे, हात बाजूला घ्यावेत, चष्मा पुसावा, आणि मग ते वाक्य एकेका अक्षराने सावकाश अवतीर्ण व्हावे. आणि मधूनच संपूर्ण खिडकी पांढरीफटक पडून 'प्रतिसाद देत नाही' असा खुलासा तिच्या माथ्यावर झळकावा, हा नित्यक्रम झाला.

येथे एक भेद वाचकांच्या ध्यानात आणून देणे अगत्याचे आहे. हळूहळू मंद होणे आणि एकाएकी मंद होणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. हळूहळू मंद होणे हा काळाचा धर्म होय; त्याबद्दल कोणाला जबाबदार धरता येत नाही आणि चौकशीही लावता येत नाही. एकाएकी मंद होणे ही मात्र घटना असते, आणि घटनेला कारण असते, तारीख असते, आणि, मुलकी खात्यात हयात घालवलेल्या माणसाने हे वेगळे सांगायला नको, बहुधा एक जबाबदार इसमही असतो. सल्लागार मंडळींना हा भेद मान्य नव्हता.

त्यांत अग्रमान वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांचा. त्यांची श्रद्धा 'रिफ्रेश' या एकाच मंत्रावर होती. पडद्याच्या मोकळ्या जागेवर उजवी टिचकी मारावी, उघडलेल्या यादीतून 'रिफ्रेश' निवडावे, आणि हे सलग पाच-सात वेळा, शक्य तितक्या त्वरेने करावे, म्हणजे संगणकाला 'मोकळं वाटतं', असे त्यांचे प्रतिपादन होते. या देशात संगणकापुढे बसलेला जवळजवळ प्रत्येक माणूस हे आचमन केल्यावाचून कामाला हात घालीत नाही, हे मी सरकारी कचेऱ्यांपासून सायबर कॅफेपर्यंत सर्वत्र पाहिलेले आहे. वस्तुतः या क्रियेने पडद्यावरची चिन्हे पुन्हा रेखाटली जातात, याउपर काही म्हणजे काहीही होत नाही. स्मृती रिकामी होत नाही, गती वाढत नाही, कोणाला मोकळे वाटत नाही. प्राध्यापकमहाशयांनी प्रयोग करून दाखवला तेव्हा आमच्या संगणकाने ती चिन्हेसुद्धा उसंत घेत घेत, एकामागून एक काढली. 'पाहिलंत? काम करतंय!' असे म्हणून ते चहाला थांबले.

पुतण्याचा पंथ निराळा. तो संगणकक्षेत्रात नोकरीला असल्याने आमच्या कुळात त्याचा शब्द प्रमाण मानला जातो, आणि तो शब्द आजवर एकच राहिला आहे. 'काका, फॉरमॅट मारून टाका.' वाय-फाय येत नसेल, छपाईयंत्र कागद गिळत असेल, अक्षरे बारीक दिसत असतील, तरी त्याचा निवाडा हाच. फॉरमॅट मारणे म्हणजे दप्तरातला प्रत्येक कागद नष्ट करून रिकाम्या कपाटाकडे समाधानाने पाहणे होय. त्यानंतर दिरंगाईची तक्रार उरत नाही, कारण दिरंगाई करण्याजोगे कामच उरत नाही.

मेव्हण्यांचा संशय विषाणूंवर होता. संगणकात एक विषाणूप्रतिबंधक बंदोबस्त असताना त्यांनी सद्भावनेने दुसराही आणून बसवला. आता प्रत्येक फाईल उघडताना ती एकाने तपासायची, त्याने उघडली म्हणून दुसऱ्याने तपासायची, आणि उरलेल्या वेळात दोघांनी परस्परांच्या हालचालींवर नजर ठेवायची, अशी व्यवस्था सुरू झाली. एका यंत्रावर असे दोन पहारेकरी ठेवू नयेत, हे ते विकणारे स्वतःच सांगत असतात. पण मेव्हण्यांच्या भेटी परत करण्याची आमच्या घरात चाल नाही. दोनपैकी एकाची बडतर्फी सौ.च्या संमतीने आणि मेव्हण्यांच्या अपरोक्ष पुढे यथावकाश झाली.

खोडरबराचा प्रयोग मात्र मी विसरणार नाही. सोसायटीच्या खजिनदारांनी शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतला खोडरबर मागवला, पेटीचे झाकण उतरवले, आतली रॅमची पट्टी दोन्ही अंगठ्यांनी खिटी मागे सारून अलगद उपसली, आणि तिच्या काठावरचे सोनेरी दात त्या रबराने घासू लागले. ही विद्या अगदीच खोटी नव्हे. दातांवर मळ बसून संगणक मुळी उठतच नसेल, नुसता शिट्ट्या घालीत असेल, तर हा उपाय लागू पडतो, आणि दुरुस्तीच्या दुकानांत तो रोज लागू पडताना दिसतो. परंतु उठून, चालून, केवळ रेंगाळणाऱ्या यंत्रावर त्याचा काय परिणाम व्हावा? तरीही ते झाकण उघडल्याने एक लाभ झाला. गेल्या अनेक खंडेनवम्यांचे अवशेष आमच्या दृष्टीस पडले. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, उदबत्तीच्या राखेने करडे झालेले जळमट, आणि पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा असा घट्ट थर, की तो चिमटीत धरून सलग उचलता आला. यातला पंखा कोंडला तर आतला सीपीयू तापतो, आणि शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला म्हणजे स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपली गती आपणच उतरवतो. एकाएकी आलेल्या मंदपणाचे हे एक अस्सल कारण आहे. त्यामुळे आशा पालवली. धूळ काढली, पाकळ्या निर्माल्यात टाकल्या, झाकण लावले. संगणक होता तितकाच मंद राहिला, आवाज तेवढा कमी करू लागला.

सरतेशेवटी दुकानातून एक तरुण आला. दुरुस्तीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला 'इंजिनिअर' म्हणण्याचा प्रघात आहे, त्यानुसार हाही इंजिनिअर. त्याने पेटीकडे उभ्या उभ्या पाहिले आणि म्हणाला, 'साहेब, किती दिवस ओढणार हे? नवीन घेऊन टाका. याचा सपोर्टपण संपला.' त्याच्या बोलण्यात तथ्यांश नव्हता असे मी म्हणणार नाही. विंडोज १० ची अधिकृत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, ही गोष्ट खरीच आहे. परंतु त्या दिवशी कोणाचा संगणक मंद झाला नाही, फक्त अनाथ झाला. राहता राहिला जुनेपणाचा मुद्दा. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली सरकारी नोकरशाहीसंबंधी जो सिद्धांत मांडला, की काम हे उपलब्ध वेळेइतके फुगत जाते, त्याचा भाऊबंद शोभेल असा एक सिद्धांत स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ साली मांडला: यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून अधिक वेगाने त्यांवर चालणाऱ्या प्रणाली मंद होत जातात. (या विचाराचे श्रेय त्यांनी मार्टिन रायझर या सहकाऱ्याला दिले होते, आणि लोकांनी तरीही त्याला विर्थचेच नाव लावले, श्रेयाच्या वाटपात विज्ञानाची कचेरी इतर कचेऱ्यांहून वेगळी नाही.) २००१ सालच्या विंडोज एक्सपीला किमान ६४ मेगाबाइट स्मृती पुरत असे, २०२१ सालच्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते, म्हणजे बरोबर ६४ पट; आणि इतकी मागणी वाढूनही माझे हयातीच्या दाखल्याचे पत्र पूर्वीइतकेच एक पानाचे आहे. पण पुन्हा तेच: हा सारा हिशोब हळूहळू मंद होण्याचा झाला. एका सकाळी काय घडले, याचे उत्तर त्यात नव्हते.

ते उत्तर शोधण्यापूर्वी पेटीच्या आत कारभार कसा चालतो हे सांगायला हवे, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या गावची जुनी कचेरी डोळ्यांपुढे आणावी. सीपीयू हा तेथला अव्वल कारकून. याच्याइतका चपळ इसम साऱ्या मुलखात नाही. सेकंदाला अब्जावधी ठोके हा त्याचा मगदूर. रॅम हे त्याचे मेज. चालू प्रकरणांचे कागद तेवढे त्यावर असतात, आणि दिवा गेला की मेज आपोआप साफ होते. बाकीचे सर्व दस्तऐवज तळघरातल्या दप्तरखान्यात, म्हणजे हार्ड डिस्कवर. आता ही जुन्या पद्धतीची डिस्क म्हणजे खरोखरीच फिरणारी तबकडी असते, मिनिटाला ७२०० फेरे घेणारी. तिच्यावर एक बारीक भुजा पुढेमागे सरकते. कारकुनाने एखादे प्रकरण मागवले, की भुजेने योग्य ओळीवर जायचे आणि तबकडीचा हवा तो भाग फिरून आपल्याखाली येईपर्यंत थांबायचे. या खेपेस सरासरीने बारा-तेरा सहस्रांश सेकंद लागतात. आपल्याला हा काळ नगण्य वाटेल. परंतु तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झच्या आमच्या कारकुनाचे सुमारे चार कोटी ठोके नुसते वाट पाहण्यात खर्ची पडतात. विखुरलेले कागद मागवत राहिले तर असा दप्तरबंद सेकंदाला सत्तर-ऐंशी खेपांपलीकडे जाऊ शकत नाही, मग वर मुंबईहून खास आणलेला कारकून बसवा की दिल्लीहून.

मेज अपुरे पडले तर आणखी एक संकट ओढवते. मग एक कागद तळघरात धाडून त्या जागी दुसरा आणावा लागतो, दुसरा येतो तोच पहिल्याची गरज पडते, आणि अखेरीस सगळी कचेरी केवळ कागदांची नेआण करीत राहते, निकाल एकाही प्रकरणाचा लागत नाही. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली या अवस्थेचे शास्त्रीय विवेचन केले. आम्हा मुलकी खात्यातल्या मंडळींना तिचा अनुभव त्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता, शोधनिबंध लिहिण्याचे तेवढे राहून गेले.

तर, दोष कोणाचा? कारकुनाचा, मेजाचा की तळघराचा? हे ठरवायला ज्योतिषी नको. विंडोजमध्ये 'टास्क मॅनेजर' नावाचे एक हजेरीपत्रक १९९६ च्या एनटी ४.० पासून ठेवलेले आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या, की कोण इसम काय करतो आहे, कोणाच्या वाट्याला किती टक्के काम आले आहे, याची जाहीर यादी पुढ्यात येते. तिच्यासाठी अर्ज नको, नक्कल फी नको. आणि सल्लागारांच्या त्या अखंड वर्दळीत एकानेही ती उघडून पाहण्याची तसदी घेतली नव्हती.

तिच्याकडे वळण्याची बुद्धी मला झाली ती सौ.मुळे. इंजिनिअर गेल्यावर ती केर काढण्यासाठी टेबलाखाली वाकली आणि म्हणाली, 'अहो, हा लाल दिवा विझतच नाही. आधी लुकलुकायचा. आणि आतून टकटक येतेय, ऐका.' मी ऐकले. खरोखरच दर काही क्षणांनी एक कोरडी टक, मग किंचित घरघर, मग पुन्हा टक. पेटीच्या दर्शनी भागावरचा तो दिवा डिस्कच्या कामाचा निदर्शक असतो. काम चालू असता तो चमकतो, संपले की विझतो. येथे तो अखंड तेवत होता, म्हणजे तळघरात अखंड काहीतरी चालले होते, आणि वर काहीच पोहोचत नव्हते.

हजेरीपत्रक उघडले. तेही उघडायला त्या दिवशी बराच अवधी घेऊन उघडले. सीपीयू: ४ टक्के. स्मृती: निम्मी रिकामी. नेटवर्क: शून्य. डिस्क: १०० टक्के. एका मागणीला उत्तर देण्याचा सरासरी काळ सहस्रांशांच्या दहा-वीस एककांत असायचा, तो हजारांत, म्हणजे काही सेकंदांवर गेलेला. ज्याच्या नावाने आठवडाभर सर्वांनी खडे फोडले तो कारकून बिचारा पेन कानाला लावून बसला होता! त्यापुढची पायरी म्हणजे 'इव्हेंट व्ह्यूअर' ही रोजकीर्द. तीत 'डिस्क' या नावाखाली, घटना क्रमांक ७, खराब ब्लॉक आढळला, अशी नोंद पानेच्या पाने भरून होती, आणि पहिल्या नोंदीची तारीख त्याच सकाळची होती. यंत्र रोज लेखी तक्रार करीत होते; ती दाखल होत होती, वाचली जात नव्हती. याचीही आम्हाला सवय आहे.

तबकडीचा एखादा भाग दुबळा झाला, की डिस्क तो कागद 'मिळत नाही' असे सांगून मोकळी होत नाही. ती तो पुन्हा वाचून पाहते, भुजा मागे नेऊन परत आणते, आणखी एकदा प्रयत्न करते, आणि तोवर मागची सगळी रांग तिष्ठत उभी राहते. ती टकटक ही त्या भुजेच्या येरझाऱ्यांची होती. अशा वेळी दुरुस्तीचा हव्यास धरू नये; सबंध तबकडी तपासणारी 'चेकडिस्क' चालवून मरत्या दप्तरबंदाला तासन्‌तास पळवू नये; आणि फॉरमॅट तर मुळीच मारू नये, कारण त्याने रोग जेथल्या तेथे राहतो आणि कागद तेवढे जातात. आधी नक्कल, मग बाकी सर्व.

म्हणून सौ.ने निवड केली आणि मी प्रती काढल्या. बाहेरची डिस्क जोडून पहिल्यांदा छायाचित्रे, मग आयकर, आणि सर्वांत शेवटी, ती म्हणाली म्हणून, सोसायटीची इतिवृत्ते. बहुतेक सारे निघाले. फक्त नातवाच्या मुंजीच्या संग्रहात प्रगती दर्शवणारी हिरवी पट्टी जी अडली ती हलेना. मातृभोजन आले, भिक्षावळ आली, परंतु पंगतीची काही छायाचित्रे कायमची गेली. त्यांत मुख्यतः व्याही मंडळी होती, त्यामुळे शोक आटोक्यात राहिला. व्याह्यांना अद्याप कळवलेले नाही.

नव्या डिस्कचे काम त्याच तरुणाकडून करवून घेतले, कारण स्क्रू कोणता आणि कोठला याची जाण त्याला निर्विवाद होती. ही नवी वस्तू एसएसडी म्हणून ओळखली जाते. तीत तबकडी नाही, भुजा नाही, येरझारा नाहीत, हवा तो कागद सहस्रांश सेकंदाच्या दशांशात हजर. हातात घेतली तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी इतकी हलकी, आणि निळसर चपटा तारेचा तुकडा जोडून दोन स्क्रूंवर बसते. तीवर नव्याने विंडोज घातले, प्रती परत आणल्या, आणि आता संगणक चालू केल्यावर चहाचे आधण ठेवण्याइतकीही फुरसत मिळत नाही. कारकून तोच, मेज तेच.

श्रेयाची वाटणी मात्र पूर्ण झालेली नाही. पुतण्याचे म्हणणे, शेवटी नवे विंडोज टाकलेच ना, म्हणजे त्याचाच उपाय झाला. खजिनदार खोडरबराचा हवाला देतात. इंजिनिअरच्या मते त्याने पहिल्या दिवशीच 'नवीन घ्या' असे सांगितले होते, आणि आपण नवीन घेतले. प्राध्यापकमहाशयांनी परवा येऊन पाच-सात वेळा रिफ्रेश केले. चिन्हे डोळे मिचकावल्यासारखी पटापट उमटली, आणि त्यांचा चेहरा इतका कृतार्थ झाला की सौ.ने त्यांना चहाबरोबर चिवडाही दिला.

वाचकांपैकी ज्यांची घरातली सगळी छायाचित्रे एकाच डिस्कवर आहेत, त्यांनी तो दिवा विझतो की नाही हे पाहण्याआधीच एक दुसरी प्रत काढायला बसावे. हा लेख त्यासाठी अर्धवट सोडावा लागणार नाही, तो येथे संपला आहे.